चौथा खांदा

श्रीपादनं बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट स्टँडवर ठेवले, टीपॉयवरचा पेपर उचलला आणि पंख्याखालच्या खुर्चीत बसून अग्रलेखाचा अर्धा परिच्छेद वाचूनही काढला, तेव्हा आतून एक अनोळखी बाई ओढणीला हात पुसत आली आणि म्हणाली, "काका, चहा टाकू का? हे येतीलच एवढ्यात." श्रीपाद तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं खाली फरशीकडे पाहिलं, खिडकीच्या ग्रीलकडे पाहिलं, सोफ्याकडे पाहिलं. सगळं आपलंच होतं, फक्त बाई आपली नव्हती. लिफ्टमधून तो सातव्याऐवजी सहाव्या मजल्यावर उतरला होता आणि उघडं दार बघून सरळ आत शिरला होता. बाईला वाटलं, सोसायटीच्या मीटिंगचं काहीतरी असेल. "सहज आलो होतो," असं काहीतरी पुटपुटत तो उठला, बूट हातात घेतले आणि चोरासारखा जिना चढून वर आला. दोन दिवस त्यानं वासंतीला, म्हणजे आपल्या बायकोला, याबद्दल चकार शब्द सांगितला नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं तर ती हसून हसून बेजार झाली. "चहा घेतला नाहीत ते बरं झालं," ती म्हणाली, "नाहीतर जेवूनच आला असतात, आणि वर भाजीला नावं ठेवून!"

श्रीपादही हसला. पण हसणं ओसरल्यावर आत काहीतरी खुपत राहिलं. माणूस बासष्टाव्या वर्षी मजला चुकतो, त्यात एवढं काही नाही. पण त्या घरानं आपल्याला अडवलं कसं नाही? बूट काढताना, पेपर उचलताना, खुर्चीत टेकताना एकाही वस्तूनं म्हटलं नाही की अहो, हे तुमचं नव्हे. तळेगावच्या ज्या टेकाडावर आता या पाच इमारती उभ्या होत्या, तिथं पस्तीस वर्षांपूर्वी तो शाळेच्या पोरांना पळायला घेऊन यायचा. तेव्हा इथं करवंदीच्या जाळ्या होत्या आणि प्रत्येक जाळी वेगळी ओळखू यायची. ज्या जाळीत काटा लागला ती, जिच्याखाली साप निघाला ती. आता एकशे चाळीस घरं आणि सगळी एका साच्यातली. आपण उद्या नसलो, तर आपल्या जागी दुसरा कुणीही बूट काढून बसेल आणि फरशीला फरक पडायचा नाही, असं त्याला वाटलं, आणि हे वाटणं काही केल्या जाईना.

तेव्हापासून त्यानं एक वही केली. श्रीपाद मूळचा कवायतीचा मास्तर. बत्तीस वर्षं त्यानं शिट्टी फुंकली, पोरांच्या रांगा लावल्या, सव्वीस जानेवारीला चारशे पाय एकदम आपटवले. कुठलीही गोष्ट रांगेत आणि रकान्यात बसवल्याशिवाय ती खरी आहे असं त्याला वाटतच नसे. वहीत त्यानं चौदा रकाने आखले. पाणी, वीज, रेंज, माती, वारा, बिबट्या, डांबरी रस्ता किती लांब, दवाखाना किती लांब, असं करत करत शेवटचा, माणसं किती. शेवटच्या रकान्यात आकडा जितका लहान तितकी जागा चांगली, हे त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. गावाकडे चुलत्यांच्या कृपेनं सातबाऱ्यावर त्याचं नाव होतं, त्यामुळे शेतकरी असल्याचा दाखला होता आणि जमीन घ्यायला आडकाठी नव्हती. बेगडेवाडी स्टेशनापासून त्यानं सुरुवात केली. परंदवडीला गेला, तर बांधापर्यंत कंपन्यांच्या शेड आलेल्या. तिकोणा पेठेत गेला, तर पवनेच्या पाण्याकाठी तंबूंच्या रांगा आणि शनिवारी गाण्यांचा धुडगूस. पेठेतल्या एका चहावाल्यानं त्याला वर बोट करून सांगितलं, "शांतता पायजे तर तिकडं जा. माचीवाडी. सात घरं हायेत. आमी बी जात न्हाई." डांबरी रस्ता संपल्यावर तासाभराची चढण होती. पहिल्यांदा वर पोचल्यावर श्रीपाद दम टाकत उभा राहिला आणि खाली पसरलेलं धरणाचं पाणी, समोरचा तिकोणा, तिकडे तुंग बघून त्याला चक्क रडू आलं. इथे चुकून दुसऱ्याच्या घरात शिरता येणार नाही, असं काहीतरी खुळ्यासारखं त्याच्या मनात आलं.

जागा महिपतींची होती. वाडीतला सगळ्यात जुना माणूस, सगळे त्यांना आबा म्हणत. पडवीत बसून त्यांनी श्रीपादच्या चौदा रकान्यांची उत्तरं मोठ्या गमतीनं दिली. पाणी? झऱ्याचं, बारा म्हैने. बिबट्या? येतो, बगतो, जातो. माणसं? "गडी पाच," आबा म्हणाले. श्रीपादनं शेवटच्या रकान्यात पाच लिहिले. तेवढ्यात त्यांची सून शालन चहा ठेवून गेली. कप चांगला गरम होता आणि चहात गवती चहाची पात होती, हे त्याच्या लक्षात राहिलं. बाईचा चेहरा मात्र त्याला तळेगावला परतल्यावर आठवेना.

वासंतीनं वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. चष्मा काढला. "छान आहे," ती म्हणाली. "वाराबिरा सगळं छान आहे. मला एकच सांगा. मला तिथं काही झालं तर मला खाली कोण आणणार?" दोन वर्षांपूर्वी, सकाळी अकरा वाजता मेथी निवडताना तिच्या छातीत कळ आली होती. बारा मिनिटांत गाडी दारात होती, पाऊण तासात ती टेबलावर होती, म्हणून आज मेथी निवडत होती. श्रीपाद म्हणाला, "बघू." वासंती म्हणाली, "बघू नका, विचारा. नीट उत्तर आणलंत तर मी उद्या येते. मलाही काही या फरशीचं प्रेम ऊतू चाललेलं नाही. पण उत्तर नसेल तर हा विषय बंद." एवढं बोलून ती मेथीच्या जुडीकडे वळली. दुसऱ्या खेपेला श्रीपादनं हे विचारायचं ठरवलं होतं. पण आबांनी झरा दाखवला, भाताचं खाचर दाखवलं, आणि प्रश्न तोंडातच राहिला. खरं सांगायचं तर त्याला उत्तराची भीती वाटली. सगळं इतकं चांगलं जमत असताना हे एक काय मध्येच, असं वाटलं, आणि असं वाटल्याची त्याला लाजही वाटली.

मार्गशीर्षातल्या एका बुधवारी तो तिसऱ्यांदा निघाला. आज हो की नाही ते सांगायचं होतं. पुण्याचं एक गिऱ्हाईक अख्खा उतारच मागत होतं आणि आबा त्याला श्रीपादसाठी थोपवून होते. त्यानं गाडी डांबरी रस्त्याच्या टोकाला लावली आणि चढायला लागला. गवत कापणीला आलं होतं, पिवळं, छातीइतकं. चढताना तो मनातल्या मनात वाक्य जुळवत होता. वासंतीला सांगायचं वाक्य, आबांना विचारायचं वाक्य. सवयीनं पावलं पडत होती, डावा, उजवा, डावा, उजवा. निवृत्त झाल्यापासून त्याला एकट्यानं चालतानाही कुणाच्या तरी बरोबर चालल्यासारखं वाटायचं, आणि वळून बघितलं की कुणी नसायचं.

वर पोचला तर आबांच्या अंगणात रतनबाई जमिनीवर आडवी होती. रतनबाई म्हणजे शेजारच्या घरातली म्हातारी, सत्तरीच्या पुढची. सकाळी नऊला गोठ्याच्या पायरीवरून घसरली होती. खुब्याचं हाड गेलं असावं. पाय वेडावाकडा पडला होता आणि चेहरा राखेसारखा झाला होता, पण ती ओरडत नव्हती. बाजूला घोंगडी आणि लांब कळक तयार होता, म्हणजे चांगला मनगटाएवढा जाड बांबू. आबा आणि वाडीतलेच नथू, बजरंग असे तिघे उकिडवे बसले होते. शालन म्हातारीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. "झोळी करून न्यायची," आबा म्हणाले, "पन खांदं तीनच हायेत. चवथा खांदा न्हाई. शालनचा मालक परंदवडीला कंपनीत, त्याला फोन लावलाय, त्यो तीनपोतर येईल. आमच्या यशवंताचा पाय मोडलेला. दोगा-तिगांनी नेलं तर वाटंत धा वेळा टेकवाय लागंल. मोडल्या हाडाला टेकवायचं म्हंजी जीवच घेयाचा." घड्याळात पावणेअकरा झाले होते. पावणेदोन तास हे लोक चौथ्या माणसाची वाट बघत बसले होते. श्रीपादनं हातातली वही पडवीत ठेवली आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या. "मी आहे," तो म्हणाला. हे म्हणताना त्याला जे वाटलं त्याला आनंद म्हणणं बरं नव्हे, समोर म्हातारी विव्हळत असताना. पण होता तो आनंदच. किती वर्षांनी कुणाला तरी त्याची नेमकी गरज लागली होती!

वाट एका माणसापुरती, त्यामुळे दोघे पुढे आणि दोघे मागे, एकामागे एक, एकाच कळकाखाली. उतारावर उंच माणूस पुढे, म्हणून श्रीपाद सगळ्यात पुढे. मागे बजरंग, मग झोळी, मग नथू, आणि शेवटी आबा. शालन म्हातारीचं बोचकं आणि चपला घेऊन मागून. कळक खांद्यात रुतला. एवढीशी म्हातारी, पण अशी जड! पन्नासएक पावलं गेली आणि श्रीपादचं अंग आपोआप जागं झालं. पाठ ताठ, हनुवटी वर, डावा, उजवा. मागच्यांची पावलंही नकळत त्याच्या पावलांत पडायला लागली आणि त्याला ते कळलं, बत्तीस वर्षांच्या कानाला ते कळणारच. चार माणसांचा एक आवाज. मैदानावरची धूळ, पोरांच्या पांढऱ्या चड्ड्या, झेंड्याची दोरी, लोखंडी खुर्चीत बसलेले पाहुणे, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर आलं. छान चाललंय, असं वाटत असतानाच रतनबाईनं अशी किंकाळी फोडली की नथूचा पाय अडखळला.

"मास्तर, पाय जुळवू नगा!" आबा मागून ओरडले. श्रीपादला कळेना. "झोळी झुलतीया, बगा की. चार पाय एकदम पडलं का पाळना व्हतो. ज्येचं त्यानं चालायचं. तुमचा डावा तर ह्येचा उजवा." श्रीपादनं मागे वळून पाहिलं. घोंगडी खरंच झोके घेत होती आणि म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "माफ करा मावशी," तो म्हणाला. पुन्हा निघाले. आता तो मुद्दाम पाऊल चुकवायला लागला. आणि तुम्हाला सांगतो, त्याला ते जमेना. तो पाऊल लांबवायचा, आखडायचा, मध्येच थबकायचा, आणि दहा पावलांत अंग पुन्हा तालावर यायचं. मागचा बजरंग बिचारा त्याच्या पावलाच्या उलट पाऊल टाकायला धडपडत होता. श्रीपादला घाम फुटला. आपण आयुष्यभर जे शिकवलं ते एखाद्याला असं दुखवूही शकतं, हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. रांगेत पाय चुकला म्हणून उन्हात उभी केलेली पोरं त्याला आठवली. एक किरकोळ मुलगा होता, सार्थक नावाचा, त्याला ताल म्हणून कळायचाच नाही. इथे तो मुलगा सगळ्यांत कामाचा ठरला असता. श्रीपादला भयंकर ओशाळल्यासारखं झालं.

अर्ध्या वाटेवर, कातळाच्या वळणावर, त्याचा गुडघा गेला. पडला नाही. पण एक पाय असा लुळा झाला की कळक खाली आला आणि बजरंगनं दोन्ही हातांनी तो सावरून धरला. "एक मिनिट," श्रीपाद म्हणाला. एक मिनिट झालं, दोन झाली, गुडघ्यात जोर येईना. म्हातारी अधांतरी कण्हत होती. खाली टेकवायला सपाट जागा नव्हती. तेवढ्यात शालननं बोचकं आणि चपला त्याच्या हातात दिल्या, अगदी एखाद्या पोराच्या हातात देतात तशा. पदर खोचला, त्याला हातानंच बाजूला सारलं आणि कळकाखाली खांदा घातला.

"शालन, तू नगं," आबा म्हणाले. "बाया कळक धरत न्हाईत आपल्यात."

वाऱ्यानं गवत वाजत होतं. मग झोळीतून रतनबाईचा आवाज आला, बारीक, पण चांगलाच तिखट. "धरू दे रं तिला. सकाळपास्नं ती माज्या उशाशी बसून हाय, आन् तुमी चवथा मानूस हुडकताय. तीन खांदं, तीन खांदं! रोज गवताचा भारा कोन उतरवतं खाली? तुजा बाप?"

आबांनी मान खाली घातली. बजरंगला हसू आलं आणि त्यानं ते गिळलं. "चला," शालन म्हणाली, आणि निघाली. तिची पावलं कशीही पडत होती. एक लांब, दोन आखूड, दगड आला की तिरकं. झोळी जागच्या जागी, हललीसुद्धा नाही. भाऱ्याखाली ही बाई रोज अशीच उतरत असणार. श्रीपाद लंगडत मागून चालू लागला, हातात म्हातारीच्या चपला. त्याला एकदम ते दवाखान्याचं आवार आठवलं. वासंतीला आत नेलं होतं आणि तो बाहेर असाच तिच्या चपला धरून उभा होता. एका बाईनं त्याला सांगितलं होतं, काका, त्या खाली ठेवा. तेव्हाही त्याला वाटलं होतं की आपण काहीच उचललेलं नाही. वहीतला पाचाचा आकडा त्याच्या डोळ्यांपुढे आला. सात घरं, गडी पाच. सात घरांत बाया किती, हे त्यानं विचारलंच नव्हतं, आणि आबांनी सांगितलं नव्हतं, आणि दोघांनाही त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. आबांचं एक वेळ सोडा. पण आपण तर रकाने आखून, पेन घेऊन गेलो होतो!

डांबरी रस्त्यावर फोन करून बोलावलेली एकशेआठची गाडी येऊन थांबली होती. रतनबाईला आत घेतलं. आबा आणि बजरंग बरोबर गेले. नथू म्हातारीच्या शेरडांची सोय बघायला कळक घेऊन वर निघाला. श्रीपादनं घड्याळ पाहिलं. अंगणापासून गाडीपर्यंत एक तास दहा मिनिटं. वासंतीच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या मनगटावर होतं, आणि ते चांगलं नव्हतं. बारा मिनिटांच्या जागी एक तास दहा मिनिटं, तेही चार माणसं हजर असली तर. रस्त्याकडेच्या दगडावर शालन बसली होती. तिनं ब्लाऊजची बाही जरा सरकवून खांदा बघितला. कातडी सोलवटली होती. ती शांतपणे त्यावर फुंकर घालत होती. श्रीपाद पलीकडच्या दगडावर बसला. तीन खेपांत तो तिच्याशी एक शब्दही बोलला नव्हता. तिला काय म्हणून हाक मारायची, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

"शालनताई," तो म्हणाला, "आबांना मी आज उत्तर देणार होतो. जागेचं."

"मंग द्या की."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला कशाला इचारता? जागा मामंजींची."

"जागा त्यांची आहे," श्रीपाद म्हणाला. एवढ्या दिवसांत न जमलेलं वाक्य आता सरळ आलं, जुळवाजुळव न करता. "माझ्या बायकोला हृदयाचा आजार आहे. तिला मी फसवून इथं आणणार नाही. किती वेळ लागतो ते मी तिला सांगेन, मग तिचं ती ठरवेल. पण तिला असं न्यायची वेळ आली, तर तुम्ही कळक धराल का? एवढंच मला विचारायचंय. आबांना नाही, तुम्हाला."

शालन फुंकर घालायची थांबली. तिनं त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "बाईमान्साला का न्हाई धरनार," ती म्हणाली. "धरीन. बाकीच्या बाया बी धरतील, आज बघितलं न्हवं समद्यांनी. आन् तुमाला?"

"मला काय?"

"तुमाला कोन धरायचं, त्ये न्हाई इचारलंत."

चौदा रकाने, तीन खेपा, वासंतीची छाती, वासंतीची बारा मिनिटं. या सगळ्यात तो स्वतः कायम उभा होता, कळकाखाली, ताठ, सगळ्यात पुढे. झोळीत तो कधी नव्हताच. मघाशी कातळावर गुडघा गेला तेव्हासुद्धा त्याला फक्त शरम वाटली होती. भीती आत्ता वाटली. घोंगडीत आपण आडवे आहोत, वर आभाळ सरकतंय, आणि मागून वासंती चपला घेऊन चालतेय, हे त्याला इतकं लख्ख दिसलं की त्यानं दगडाची कड धरली. मग हळूहळू ती भीती बसली. अशा वेळी कोण असतं, हे तळेगावच्या सातव्या मजल्यावर त्यानं कुणाला विचारलं असतं? तिथे विचारायला दार तरी कुठलं वाजवायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"धराल का?" त्यानं विचारलं. आवाज इतका बारीक निघाला की शिट्टी फुंकणारा हाच का तो, असं कुणालाही वाटलं असतं.

शालन उठली. तिला वर जायचं होतं, एवढी चढण पुन्हा चढायची होती, गवत तसंच पडलं होतं. पदर खांद्यावर घेताना कळ आली तशी तिनं तोंड वाकडं केलं, आणि श्रीपादला डोक्यापासून पायापर्यंत एकदा असं न्याहाळलं, जसा भारा उचलण्याआधी न्याहाळतात.

"लय जड हायसा तुमी, मास्तर," ती म्हणाली. "पन धरीन."